आबांनी ठेवलेला तुकडा

सोमवार, ५ जानेवारी

कालच्या नोंदीत चूक आहे. प्रभुभोजनाचं ताट तारामावशींनी माझ्यापुढून तसंच नेलं असं लिहिलं. खोटं. ताट थांबलं होतं. मावशी म्हणाल्या, "घे गं." हात मीच मागे घेतला.

वरचं खोडत नाही. राहू दे.

बुधवार, ७ जाने.

दुकानात मावशी शेंगदाणे निवडत होत्या, मी चिक्की कापत होते. रविवारचा विषय त्यांनी काढला नाही. डब्यातली वांग्याची भाजी मात्र निम्मी माझ्या झाकणात.

बाप्तिस्मा होऊन दोन वर्षं झाली. प्रभूच्या मेजावरची भाकर अजून एकदाही घेतली नाही. लहानपणी शनिवारी संध्याकाळी पप्पा खाटेवर बसवून प्रश्नोत्तरं घ्यायचे. शेवटी ठरलेलं, "मेजाजवळ जाण्याआधी काय करायचं?" "स्वतःला तपासायचं." ते अजून चालूच आहे. तपासायला बसलं की काहीतरी सापडतंच. सोमवारी शिळी चिक्की ताजी म्हणून दिली. मालकांवरचा राग. आणि हा विश्वास तरी माझा की पप्पांचाच पाठ केलेला?

अशा हातानं घ्यायचं कसं?

रविवार, १८ जाने.

टाकवे. आबांच्या पडवीत सभा. आबा आमच्यात सगळ्यात वडील, प्रार्थना तेच चालवतात. हात आता फार कापतात. त्यांच्या घरच्या आजी बुद्धविहारात जातात, सभेत बसत नाहीत, पण चहा त्यांचाच. "देव तुमचा आसंल, चहा माझा हाय."

आबा दवाखान्यात होते तेव्हा मंडळीनं आजींसाठी पाळीपाळीनं डबे नेले. कोणी ठरवून दिलं नव्हतं. तारामावशींचं बांधावरून ज्या शेजाऱ्याशी भांडण, त्याच्यासाठी मावशी नाव घेऊन प्रार्थना करतात. मोठ्यानं. बाजूलाच त्याचं घर, त्याला ऐकू जात असणार. मला हसू येतं आणि मग वाटतं, मी कुणासाठी अशी केली?

ही माणसं विश्वासाबद्दल बोलतात कमी. त्यांच्यात बसलं की मला—

निघताना ता.मा. म्हणाल्या, "पुढल्या भोजनाची भाकर तुज्याकडं."

"मावशी, मी घेतच नाही."

"करायला कुटं तुला खायला लागतंय?"

हो म्हणून बसले.

शनिवार, ३१ जाने.

तांदळाची भाकर. मावशींनी शिकवली तशी उकड काढली. पहिली चिरली, दुसरी करपली. तिसरी चांगली फुगली. थापताना प्रार्थना करायची असते, केली. मग आबांचे हात आठवले. त्यांना मोडायला किती त्रास होतो, मागच्या वेळी अर्धी मांडीवर पडली होती. पप्पांच्या मंडळीत पाव कापूनच येतो. म्हणून सुरीनं सारखे तुकडे केले, एकेका माणसाचा एकेक. डब्यात छान दिसले. समाधान वाटलं.

रविवार, १ फेब्रु.

आबांनी डबा उघडला.

"आगं, ही तर चिक्की कापली की!" ता.मा.

सगळे हसले. मला जमीन दुभंगावी असं झालं. एक भाकर सगळ्यांसमोर मोडायची, एकीतूनच सगळ्यांनी घ्यायचं, हे मला माहीत होतं. दर वेळी बघितलं आहे. आणि सोयीच्या नादात तेवढंच काढून टाकलं.

आबा म्हणाले, "तव्यावर एकच व्हती न्हवं? मग झालं." प्रार्थना केली. ताट फिरलं. आमच्यात सगळ्यांच्या हातात येईपर्यंत कोणी खात नाही. आबांनी शेवटचा तुकडा उचलला आणि ताट रिकामं. शेजारी मी.

"तुजा कुटं हाय?"

"तुकडे करताना मी मला धरलंच नव्हतं."

आबा माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही. मग आपला तुकडा मोडायला लागले. तो एवढासा, त्यात ते हात. निम्मा चुरा झाला. उरलेल्यातला मोठा भाग माझ्यापुढे धरला. सगळे थांबलेले. माझा हात उठलाच नाही.

आबांनी तो डब्याच्या झाकणात ठेवला. "ऱ्हाऊ द्या. तिचा हाय." मग सगळ्यांनी खाल्लं.

चहा घेऊन आजी आल्या. "ह्यो कुनाचा ऱ्हायला?"

"पोरीचा," आबा.

"मग खा की गं! ताटात टाकून उटत्यात व्हय?"

पुन्हा हसू. मीपण हसले आणि रडले. तुकडा मावशींनी अंगणात चिमण्यांना घातला. "पुढल्या बारीला बी भाकर तुज्याकडंच. सुरी घरी ठिवून ये."

बुधवार, ४ फेब्रु.

पप्पांना सगळं सांगितलं. भाकरीचंही. भाकरीवर खूप हसले. मग मी विचारलं, "पप्पा, तुम्ही तपासायचात, तेव्हा काही सापडायचं नाही का?"

"दर वेळी सापडायचं."

"मग काय करायचात?"

"क्षमा मागायचो. आणि जायचो." मग चष्मा काढून, "जायचं म्हणूनच तर तपासायचं. हे मी शिकवलं नव्हतं का तुला?"

आठवून बघितलं. नसावं. किंवा त्यांनी सांगितलं आणि मी तपासण्यातच अडकले. ते कितीतरी वेळ चष्मा पुसत बसले होते.

रविवार, २२ फेब्रु.

अजून भीती आहे. गेली नाही. काल मालकांवर परत चिडले. माफी मागितली, त्यांना कळलंच नाही कशाबद्दल. आबांनी त्या दिवशी मला काही विचारलं नव्हतं. मी योग्य आहे का, तयार आहे का. कापऱ्या हातानं अर्धा पुढे केला, बस.

भाकर शनिवारी संध्याकाळी करायची. अख्खी न्यायची, फडक्यात गुंडाळून. लोणावळ्याहून सकाळची लोकल, कान्ह्याला उतरून टाकव्याला जायचं. आबांच्या शेजारीच बसायचं. त्यांना मोडायला जड गेलं तर भाकरीची दुसरी बाजू मी धरेन. एवढं तर जमेल. एकदा धरली की हात पुढेच असेल.

रविवार, १ मार्च

भाकरीची दुसरी बाजू मी धरली.