भारत, नेदरलँड आणि आमचा चौथा मजला

४ ऑगस्ट २०२५
चौथा मजला चढवायचा. ठरलं. डोंबिवलीजवळ कोपरला खाडीकडेला स्वतःची बिल्डिंग आणि वर एवढं आकाश वाया जातंय. करिश्मा म्हणाली, आधी दुसऱ्या मजल्यावरची चीर बघा. बायकोला चीर दिसते, मला स्कोप दिसतो. दुसऱ्या मजल्यावरचे भाडेकरू सम्यकसर, तेही तिच्याच पार्टीत. क्लासमध्ये भूगोल शिकवतात, त्यामुळे त्यांना सगळीकडे भूकंप दिसतो. इंजिनिअर बोलवा म्हणतात. मी अभ्यास करून उत्तर देणार.

६ ऑगस्ट
अभ्यास सुरू. नेदरलँड! त्यांची जमीन आपल्यापेक्षा कितीतरी दाट बांधलेली, आणि त्यातला बराच भाग समुद्राच्या पातळीखाली. तरी माणसं सायकलवर मजेत. आम्ही तर खाडीचे नुसते शेजारी. सरांना जिन्यात गाठून सांगितलं. ते म्हणाले, तिकडे बंधारे आहेत, पंप आहेत. म्हटलं, आपल्या टाकीलाही पंप आहे.

९ ऑगस्ट, सकाळी
भारताची किती टक्के जमीन बांधलेली, यावर इंटरनेटचं एकमत नाही. सर म्हणतात, कुणी शहराची हद्द मोजतं, कुणी प्रत्यक्ष बांधलेलं मोजतं, दोन्ही वेगळं. हे मला शिकवतात! चीर मोठी झाली तरी भाडं मी सुपर बिल्टअपवरच घेतो. त्यावरूनच सुचलं: भारताचा आकडाही सुपर बिल्टअप असणार. जिना, लॉबी, पॅसेज धरलेले. ते जास्तीचं लोडिंग वजा केलं. देश आणखी रिकामा निघाला. एवढी जागा असताना माणसं घाबरतात कशाला?

१४ ऑगस्ट
चिरीत स्कूटरची किल्ली पडली. पडली म्हणजे गेली. पुट्टी मारून घेतली, ऑफव्हाइट.

१६ ऑगस्ट
पुट्टीला चीर. माल डुप्लिकेट.

१९ ऑगस्ट
सरांनी लॅपटॉपवर उपग्रहाचा नकाशा दाखवला. बांधलेली जमीन लाल. डोंबिवली लालभडक, छाती भरून आली. मग त्यांनी जुन्या सालाचा नकाशा काढला. आमच्या बिल्डिंगच्या जागी निळं. मी म्हटलं, त्या दिवशी ढग असतील. ठमाआत्या, माझ्या बापाची बहीण, दाराशी लसूण सोलत होती. स्क्रीनकडे न बघताच म्हणाली, "आरं कमल्या, यो खाजन हाय. भरतीला आमी हतं मासं धरायचो. तुजे बापान भराव टाकला, खाडीला कोन इचारलं?"
जुनी माणसं. नेदरलँडमध्येही असणार.

२३ ऑगस्ट, अमावास्या
उधाणाची भरती. पाऊस नाही, तरी तळमजल्याच्या लाद्यांच्या फटींतून पाणी वर आलं. हळू, काही आवाज न करता. प्लंबरला लीकेज शोधायला लावलं. त्याने बोट बुडवून चाखलं आणि म्हणाला, शेठ, नळाला खारट पाणी कधीपासून यायला लागलं? हल्ली चांगले प्लंबर मिळत नाहीत.

२६ ऑगस्ट
उद्या चतुर्थी. आत्या गणपतीची मूर्ती मांडीवर घेऊन रिक्षात बसली. आंबिवलीला माझ्या मेव्हण्याकडे, त्याच्या गणपतीशेजारी बसवणार. भावकी काय म्हणेल, असं मी ओरडलो. ती म्हणाली, "बाप्पाला आपन बुडवायचा, घरानं नाय." करिश्माही गेली, कपड्यांच्या बॅगा घेऊन. दीड दिवसाच्या गणपतीला एवढ्या बॅगा?
आमच्या घरात गणपती नाही, असं कधीच झालं नव्हतं. बरं नाही वाटलं.

३१ ऑगस्ट
सर खडवलीला राहायला गेले. त्यांच्या मिसेस नीरजावहिनी टेम्पोत बसताना म्हणाल्या, दादा, तुम्हीपण निघा हो. बाकीचे भाडेकरू आधीच पांगलेत. पाट्या लावायच्या: 'हवेशीर, खाडीव्ह्यू'. चौथा मजला दिवाळीनंतर. इंजिनिअरही बघू, दिवाळीनंतरच.

५ सप्टेंबर, दुपारी
बिल्डिंगमध्ये मी एकटा. टेबलावर लिंबू ठेवलं, ते खाडीच्या बाजूला घरंगळलं. दुसरं ठेवलं, तेही तिकडेच. काळजी नाही. ॲमस्टरडॅमला कितीतरी घरं कललेली आहेत, लोक तिकीट काढून बघायला जातात. करिश्माला फोन करून हे सांगितलं. ती म्हणाली, जेवून घ्या. भांडली असती तर बरं झालं असतं.

७ सप्टेंबर, सकाळी
पुन्हा उधाण. भिंत बोलते. कट्ट. मग बराच वेळ काही नाही. मग कट्ट. आवाज वरून येत नाही, खालून येतो. मी जागचा हलणार नाही. मालक हलला तर बाजारात काय मेसेज जाईल?
चहाला दूध नाही. घेऊन येतो.

७ सप्टेंबर, संध्याकाळी, आंबिवली
दूध आणायला निघालो होतो. स्टेशनवर लक्षात आलं, काखेत उशी आहे. तिथून परत फिरायला पाय वळेनात. भीती वाटली. लिहून टाकतो, वाटली.
करिश्माने दार उघडलं. मी म्हटलं, अभ्यास पूर्ण झाला. आणि रडू फुटलं.
दुपारी करिश्माला कोपरच्या शेजाऱ्याचा फोन आला. आमचा जिना खचला, भिंतीसकट. वर कुणी आहे का, असं तो विचारत होता. करिश्मा म्हणाली, नाही, इथेच आहेत.
मेव्हण्याचं घर दोन खोल्यांचं, माणसांनी भरलेलं. कुठे झोपायचं कळेना. आत्या भिंतीकडे थोडी सरकली.
"इकरं टाक उशी," म्हणाली.