न्यायला कोण येणार

४ जानेवारी, रविवार. चोआ चू कांग, परदेशी लेकीकडे.
सकाळी तळवडीहून तात्यांचा फोन. जि. प. निवडणूक लागली एकदाची. इतकी वर्षं प्रशासकच बसून होता. आपला गट महिलांसाठी राखीव निघालाय. म्हणाले, "अण्णा, गटाचा इतिहास लिहून द्या. पहिल्यापासून कोण कोण निवडून आलं, कुठल्या गावचं, कुणाच्या पाळीत. पुढच्या रविवारी बैठक आहे. तुमचा शब्द दोन्ही बाजू मानतील."
मी म्हटलं, मी गुरांचा डॉक्टर. गटातला गोठा न् गोठा माहीत आहे, पुढाऱ्यांचं मला काय कळतंय. ऐकले नाहीत. हो म्हटलं. खरं सांगायचं तर बरं वाटलं. इथं मला विचारतो कोण? लिफ्टमध्ये कितवा मजला, एवढंच.

५ जानेवारी, सोमवार.
अश्विनी आणि जावई ऑफिसात, इरा शाळेत. जेवणाच्या टेबलावर ठाण मांडलं. ही समोर चवळीच्या शेंगा मोडत होती.
पहिले सदस्य आबासाहेब, नदीकाठच्या गावांकडचे. सबंध मुदतीत सभागृहात एकदाच बोलले. पंखा बंद करा म्हणाले. त्यांच्यानंतर माळेघरचे रामजी. सभेला जाताना घोंगडी घेऊन जायचे आणि सभा संपली की तिथंच पडवीत पसरायचे, कारण वरच्या गावांना जायला रस्ताच नव्हता. रस्ता मंजूर झाला तेव्हाच घोंगडी सुटली.
मग पुलावरून झालेली भांडणं. डोकी फुटली. शेवटी दोन्हीकडची जाणती माणसं शाळेच्या व्हरांड्यात बसली आणि ठरलं: एकदा वरची गावं, एकदा काठ. पक्ष कुठलाही असो, ज्या बाजूची पाळी तिकडचाच उमेदवार द्यायचा. कागदावर कुठंच नाही. पण आजवर कुणी मोडलेलं नाही.
मध्येच नाव आठवेना. हिला विचारलं. शेंगांवरची नजर न काढता सांगितलं, वर त्याने कुठल्या गावाला हापसा दिला नाही तेही सांगितलं. मग मी का लिहितोय, असं क्षणभर वाटलं.

६ जानेवारी, मंगळवार.
आज शेवटच्या नावाशी आलो. सौ. मालती. म्हणजे ही.
आणि अडलो. गाव काय लिहू? माहेर माळेघर, म्हणजे वर. सासर तळवडी, म्हणजे काठ.
तिच्या आधीचा हिशेबही सरळ नाही. वरचे गणपतराव अर्ध्या मुदतीत गेले आणि उरलेली मुदत काठाच्या माणसाने भरली. ती पाळी आपली झाली, हे कुणीच कबूल करत नाही. तेव्हा सगळं हिच्यावर आलं. ही वरची धरली तर आता काठाची पाळी. काठाची धरली तर वरच्यांची.
ती उभी होती तेव्हाचं आठवतं. माळेघरात "आमची लेक" म्हणून ओवाळलं, तळवडीत "आमची सून" म्हणून. दोन्हीकडे ओटी भरली. गुलाल तर आठवडाभर माझ्या कानातून निघत होता.
तात्यांना विचारलं. "वहिनी? त्या माळेघरच्याच की. वरच्यांची पाळी गेली त्यात."
मग मेहुण्याला, श्रीपतीला, लावला. तो म्हणाला, "दाजी, असं कसं? ताई तुमची. एकदा दिली की दिली. ती आमच्यात कशी धरता?"
फोन स्पीकरवर होता. ही पलीकडे इराचा डबा धूत होती. नळ चालू होता, तरी ऐकलंन. डबा नुसता धूतच राहिली.
मी रागाने फोन बंद केला. वाईट वाटलं. फार.

७ जानेवारी, बुधवार.
ती विषय काढत नाही. मीही नाही. जेवताना मीठ कमी होतं, वरून घेतलं.
संध्याकाळी इराला घेऊन आम्ही दोघं खाली गेलो. पलीकडच्या ब्लॉकच्या व्हॉइड डेकमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. इथले खासदार येतात, लोक एकेक करून आपलं गाऱ्हाणं सांगतात. ही जाऊन चक्क रांगेत बसली. एका मुलीने येऊन विचारलं, आंटी, काय काम आहे? ही हिंदीत म्हणाली, "कुछ नहीं, देख रही हूँ." त्या मुलीला हिंदी येत नव्हती. हसली आणि पाण्याची बाटली देऊन गेली.
बराच वेळ बसली. परत येताना म्हणाली, "आपल्या ओट्यावर अशीच माणसं बसायची. चहा मात्र असायचा."
मी तिचा हात धरला. इरा इथल्या पोरांसारखी म्हणाली, "आजोबा, सो रोमँटिक lah." सोडला नाही.

११ जानेवारी, रविवार.
हिच्या नावापुढे दोन्ही गावं लिहून पाठवली काल. आज बैठकीतूनच फोन. तात्या म्हणाले, असं चालत नाही, एक लिहा. मागून श्रीपतीचा आवाज, एक लिहा. गंमत बघा, एवढ्या एका गोष्टीवर दोघांचं एकमत.
मी काही बोलायच्या आत हिने फोन घेतला. आवाज अगदी मऊ. चिडली की तिचा आवाज असाच होतो, हे मला ठाऊक, त्या बैठकीला काय ठाऊक.
"तात्या, मी बोलतेय. श्रीपती आहे ना तिथं? त्यालाही ऐकू द्या. मी पुन्हा उभी राहणार आहे. अठरा तारखेला येतेय. ज्यांची मी असेन, त्यांची ही पाळी धरा. आणि मी ज्यांची, त्यांनी मला विमानतळावर न्यायला यावं. लेक असेन तर माहेरचा मुराळी येईल. सून असेन तर सासरची माणसं येतील. कुणीच आलं नाही तर तसंही कळेल."
आणि ठेवला. मग मला म्हणाली, "तिकीट काढायला सांगा."
इतक्या वर्षांच्या संसारात ही बाई मला पुरती कळली, असं मी धरून चाललो होतो.

१२ जानेवारी, सोमवार.
अश्विनी रडली. "आई, इराच्या शाळेचं काय? बसवरून तिला आणणार कोण? आणि त्या लोकांसाठी जायचं, ज्यांना तू नको आहेस?"
ही म्हणाली, "नको आहे की नाही, तेच बघायला जातेय."
इराने "आजी, डोन्ट गो lah" म्हणून पदर धरला. ही तिला जवळ घेऊन बसली, पण जात नाही असं म्हणाली नाही.
जावई शांत माणूस. त्याने लॅपटॉप उघडला आणि आमची दोन तिकिटं काढली. अठराची.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत.
तिळगूळ शेजारच्या चिनी आजींना दिला. त्यांनी संत्री दिली. हिने त्यांना हळदीकुंकूही लावलं, त्या आरशात बघून खूश.
गावाकडून फोन नाही. तात्यांचा नाही, श्रीपतीचा नाही. दर संक्रांतीला तो सकाळीच करतो. ही दिवसभर फोन पदराला बांधल्यासारखा घेऊन फिरली. बाथरूममध्ये जातानासुद्धा माझ्या हातात देऊन गेली.
दुपारी म्हणाली, "अहो, कुणीच नाही आलं तर?"
मी म्हटलं, "मी आहे की."
"तुम्ही माझ्याबरोबरच विमानात. तुम्ही न्यायला कुठं येताय?"
तिचं बरोबर होतं. नंतर सगळी दुपार तेच डोक्यात.

१५ जानेवारी, गुरुवार.
जावयाला बाजूला घेऊन माझं तिकीट बदलायला सांगितलं. एक दिवस आधीचं. त्याने कारण विचारलं नाही, फक्त माझ्या खांद्यावर हात ठेवला. गुणाचा आहे पोरगा. लग्नाच्या वेळी मी उगाच नाक मुरडलं होतं.
हिला सांगितलं, घर इतके महिने बंद आहे, पुढे जाऊन झाडून घेतो. तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मी आयुष्यात झाडू हातात धरलेला नाही.
"बरं," म्हणाली.

१७ जानेवारी, शनिवार. चांगी विमानतळ.
आत येऊन बसलोय. विमानाला वेळ आहे. सगळे सोडायला आले होते. इराने मला चित्र दिलं: आजी, भोवती माणसंच माणसं, आणि सगळे हसताहेत.
गावाकडून अजून काही नाही. कदाचित उद्या दोन्हीकडचे हार घेऊन येतील आणि मला मागे ढकलतील. आनंदाने जाईन मागे. कदाचित एक बाजू येईल. कदाचित कुणीच नाही. श्रीपतीला फोन करावा असं सकाळपासून चार वेळा मनात आलं. केला नाही. बोलावून आणलेला मुराळी तिला नको असेल.
उद्या तिथं दारात मी कुणातर्फे उभा राहणार? ना वर, ना काठ. मी असलो म्हणून कुणाची पाळी ठरत नाही. पण दार उघडल्यावर समोर कुणीच नाही, असं तिच्या बाबतीत व्हायचं नाही. बस.
निघताना हिने माझ्या शर्टाची कॉलर सारखी केली. अश्विनीला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "उद्या पुढं थांबा. तुम्ही नेहमी मागं खांबाजवळ थांबता, शोधावं लागतं."