घड्याळजींचं रक्त कुठे गेलं?

ती. काका,

साष्टांग नमस्कार. (या खेपेला अगदी शब्दशः साष्टांग, कारण टेबल मुलीनं अडवलंय आणि मी पलंगावर पालथी पडून लिहिते आहे.) तुमचा गुडघा काय म्हणतो? काकूचा खोकला हटला का? माझं अक्षर लागत नसेल तर नव्या चष्म्याला बोल लावू नका, माझा हातच आनंदानं ठिकाणावर नाही. इकडे सगळे खुशाल. ह्यांना बढती मिळालेली नाही, मुलीला गणित येत नाही आणि आज मला या दोन्ही गोष्टींचं काडीचंही वाईट वाटत नाही! काका, तुमच्या पुतणीनं एका माणसाचं रक्त वाचवलं. म्हणजे चोर पकडला. चोर आम्हीच निघालो ही गोष्ट वेगळी.

पहिल्यापासून सांगते. आमच्या लॅबचे साहेब तुम्हाला ठाऊक आहेतच. (ज्यांना आम्ही पाठीमागे 'सूक्ष्मदर्शक' म्हणतो ते. शाईचा ठिपका दिसतो, समोरचा माणूस दिसत नाही.) सहा महिन्यांपूर्वी त्यांनी मला बोलावून सांगितलं, की आजपासून गुणवत्ता तुमच्याकडे. तेव्हापासून अख्खं हॉस्पिटल मला गुणवत्ताबाई म्हणतं. काम काय, तर नमुने खराब का होतात ते शोधायचं. आता आमची लॅब म्हणजे तळघर. खिडक्या इतक्या वर, की त्यातून फक्त लोकांची पावलं दिसतात. सकाळी सातला सगळ्या वॉर्डांतून ट्रे खाली येतात आणि आठपर्यंत जांभळ्या, लाल, निळ्या टोपणांच्या नळ्यांखाली टेबल दिसेनासं होतं. त्या धांदलीत कुठे रक्ताची गाठ होते, कुठे याची चिठ्ठी त्याच्या नळीला लागते. मागे एका आडनावाचे दोन पेशंट होते, तर त्यातल्या धडधाकट माणसाला सकाळी मधुमेह झाला आणि दुपारी तो बराही झाला. (त्यानं डॉक्टरांना पेढे द्यायचे तेवढे बाकी ठेवले होते!) माझा आपला ठाम समज, की चुका होतात त्या हात कमी पडतात म्हणून. नळ्या जास्त येतात, असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. विहिरीला पाणी किती लागलंय हे कोणी तिच्यातल्या बेडकाला विचारतं का?

तर बेड नंबर अकरा. तिथे एक घड्याळजी होते. घड्याळं दुरुस्त करण्यात हयात गेलेली, अंगानं काडी, पायाच्या जखमेत पू झाला म्हणून दाखल झालेले. जखम भरत आली, ताप उतरला, पण हिमोग्लोबिन उतरू लागलं. आले तेव्हा बारा, मग साडेअकरा, अकरा, साडेदहा. रोज कागदावर आकडा मीच छापत होते. मला पहिला संशय आला तो मशीनचा. म्हटलं, मशीन खोटं बोलत असेल तर गुणवत्ताबाईनं तोंड कुठे लपवायचं? म्हणून स्वतःचं रक्त काढून तीनदा तपासलं. तिन्ही वेळा आकडा एकच, नेहमीचाच! मग आमच्या सगळ्यात जुन्या सहकाऱ्यांना म्हटलं, दादा, तुमचंही द्या. तीस वर्षं दुसऱ्यांना सुया टोचणारा हा माणूस, स्वतःच्या दंडाला पट्टा बांधताच पांढरा पडला आणि खुर्चीसकट मागे गेला. त्यांना पाणी पाजण्यात अर्धा तास गेला, पण मशीन निर्दोष सुटलं.

तिकडे वरती वेगळीच धावपळ. बड्या डॉक्टरांना वाटलं, पोटात आत कुठेतरी रक्तस्राव होतोय. मग तो शोधण्यासाठी आणखी तपासण्या. सकाळच्या चार नळ्या होत्या, संध्याकाळच्या दोन वाढल्या. त्यानंही काही सापडेना, तेव्हा गुरुवारी तोंडातून दुर्बीण घालून पोट पाहायचं ठरलं. मंगळवारी माझी मी घड्याळजींना बघायला वर गेले. मला पाहून म्हणाले, "बाई, तुमची माणसं वेळेची पक्की हो. साडेसहाला सुई म्हणजे साडेसहाला. मी माझं घड्याळ त्यावर लावतो." मी विचारलं, रोज? म्हणाले, "सव्वीस दिवस झाले, एक खाडा नाही." हसत होते हो काका! ओठ कागदासारखे पांढरे, कोपरांच्या खाचा निळ्याजांभळ्या, आणि हा माणूस आमच्या वक्तशीरपणाचं कौतुक करतोय. मी तशीच मागे फिरले. खाली आले आणि रजिस्टर काढून बसले.

हिशेब तोंडी केला असता तर माझाच विश्वास बसला नसता. म्हणून कँटीनमधून काचेचा जग आणला, आणि घड्याळजींच्या नावावरच्या एकेका नळीसाठी रिकामी नळी भरून पाणी ओतत गेले. ओतते आहे, ओतते आहे, नळ्या काही संपेनात. सहाशे मिलिलिटरच्या वर गेलं! पाणी पाहून कोणाला काही वाटणार नाही म्हणून त्यात दोन थेंब लाल रंग टाकला (इथेच जरा घोळ झाला) आणि बुधवारी राऊंडच्या वेळी तो जग ट्रेमध्ये घेऊन तडक वॉर्डात गेले. वॉर्डच्या सिस्टरनं दारातच अडवलं. तिचा माझ्यावर आधीच राग, कारण तिच्या मते लॅबवाल्यांना काम नको असतं. तेवढ्यात बडे डॉक्टर घाम पुसत आले, जगाकडे पाहिलं, चेहरा खुलला, म्हणाले, "वा, सरबत! कोणी पाठवलं?" आणि जगाकडे हात केला.

माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, हे सरबत नाही. हे बेड नंबर अकराचे घड्याळजी आहेत."

काका, डॉक्टरांचा हात तिथेच. मी धडाधडा बोलत सुटले, सव्वीस दिवस, इतक्या नळ्या, सगळं रजिस्टरमध्ये आहे, पोटात गळती नाही सर, गळती आमच्याच सुईतून आहे. वाटलं, आता नोकरी गेली. डॉक्टरांनी फाईल मागितली. पहिल्याच पानावर शिकाऊ डॉक्टरच्या अक्षरात लिहिलेलं, 'रोज सकाळी'. ताप होता तेव्हाचं. तो डॉक्टर चौथ्या दिवशी दुसऱ्या विभागात गेला, त्याचं 'रोज' मात्र इथेच राहिलं. आणि पुढे प्रत्येक पानाखाली सही कोणाची? बड्या डॉक्टरांची! त्यांनी सगळी पानं उलटली, चष्मा काढला आणि सिस्टरला म्हणाले, "दुर्बीण रद्द. सुयाही रद्द. चार दिवसांनी एकदाच तपासू, तेही लहान मुलांच्या छोट्या नळीत." मग घड्याळजींपाशी जाऊन त्यांनी चक्क हात जोडले. घड्याळजी गोंधळले. त्यांना वाटलं, आता काही खरं नाही, डॉक्टर निरोप घेतायत!

पुढचं सगळं सुरळीत झालं. लोहाच्या गोळ्या, जेवण आणि सुयांना सुट्टी, एवढ्यावर आकडा हळूहळू वर चढला. घड्याळजी परवा आपल्या पायांनी घरी गेले. आता नियम झालाय, कुठलीही तपासणी 'रोज' लिहिली तरी तीन दिवसांनी ती आपोआप बंद. हवी असेल तर डॉक्टरनं का हवी ते लिहून पुन्हा मागायची. आणि गंमत म्हणजे, का हवी ते लिहायची वेळ आली की निम्म्या वेळा हवीच नसते! सकाळच्या दोनशेदहा नळ्यांच्या एकशेतीस झाल्या. टेबल दिसायला लागलं. (ते हिरवं आहे हे मला नऊ वर्षांनी कळलं.) चिठ्ठ्यांची अदलाबदल महिनाभरात एकदाही नाही. परवा बाळंतपणात अडलेल्या एका बाईचा तातडीचा रिपोर्ट, ज्याला पूर्वी दोन तास लागायचे, तो पस्तीस मिनिटांत वर गेला. मायलेकरं सुखरूप आहेत. त्या दिवशी वॉर्डची सिस्टर स्वतः जिना उतरून तळघरात आली, माझ्यापुढे चहाचा कप ठेवला आणि गेली. मी तो कप किती वेळ नुसताच धरून बसले होते.

काकूला नमस्कार.

तुमची लाडकी (पत्र संपल्यावरही लाडकी राहीन अशी आशा असलेली) पुतणी

ता. क. – काल सगळ्या हॉस्पिटलसमोर मला या विषयावर बोलायला लावलं. टाळ्या पडत होत्या, मी रंगात आले, आणि रंगात येऊन सांगून बसले, की माझे सख्खे काका दर महिन्याच्या एक तारखेला डोक्यापासून पायापर्यंत सगळ्या तपासण्या करून घ्यायचे, पण मी समजावलं आणि वर्षापूर्वी त्यांनी ते सगळं सोडलं. आता कसे घोड्यासारखे धावतात! (गुणवत्ताबाईनं अशी थाप मारावी, याची लाज वाटते. पण टाळ्या फार पडल्या हो.) बड्या डॉक्टरांना ही गोष्ट इतकी आवडली, की पुढच्या शनिवारी तुम्हाला मंचावर बोलावलंय. नाही म्हणू नका.

ता. क. २ – शनिवारी दोन तारीख आहे. म्हणजे आदल्या दिवशी एक. तुम्हाला ओळखते म्हणून विनंती, की एवढा एक महिना जाऊ द्या.

ता. क. ३ – अगदीच राहवलं नाही, तर पूर्ण बाह्यांचा सदरा घालून या.