उसवताना शेवटचा धागा आधी निघतो

मास्तर, परवा नातीनं मले एक गोष्ट दाखवली आणि मले तुमचा राग आला. मेलेल्या माणसावर रागावणं शोभत नाही म्हणतात. मले काय शोभते याचा विचार मी तरुणपणी केला नाही, आता काय करू. नात पुण्याले कॉम्प्युटरचं काम करते. म्हणजे यंत्रानं आधी काय करावं, मग काय करावं, ते ओळीओळीनं लिहून देते. सुट्टीले घरी आली तरी मांडीवर ते उघडंच. एका जागी अडली. जेवण निवलं, तरी कपाळाच्या आठ्या जाईनात. मग तिनं आपली अडचण त्यातच टाइप करून विचारली, आणि पाहता पाहता समोर उत्तर. कुठल्या परक्या मुलखातला माणूस याच जागी अडला होता, आणि तिसऱ्याच कोणी त्याचा तोडगा पुरा लिहून ठेवला होता. वरून लागणारं अवजारही तिथंच ठेवलेलं, ज्याले पाहिजे त्यानं घ्यावं.

मी विचारलं, "कोन हाय हा?"

"माहीत नाही, आजी."

"पैसे किती घेते?"

"फुकट आहे गं."

"मंग त्याले काय भेटते सांगून?"

ती हसली. "त्यालाही कधी कोणी सांगितलं असेल ना." पुण्याचं बोलते आता ती. मी चहा ठेवाले उठली आणि गॅसपुढं उभी राहून तुमाले म्हटलं, पाहा मास्तर, दुनियेत असेही लोक असतात.

पुढचं तुमाले माहीत आहे, तरी लिहिते. माझ्याशिवाय ते आता कोणाच्या ध्यानात नाही. आमी बौद्ध झालो त्या दीक्षेच्या दुसऱ्या वर्षी मी अकोल्याच्या विणकर सोसायटीत सुताच्या कांड्या भराले लागली. नवरा वारलेला, कडेवर पोरगी, शिक्षण तिसरी. बायांनी कांड्या भराव्या आणि माणसांनी माग चालवावा, असं कुठं लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना पाठ होतं. कांड्यांच्या मजुरीत दोघींचं भागत नव्हतं. सासरे दर बाजाराले दारात येऊन म्हणत, "पोरगी आमच्याकडं दे, तू मोकळी हो." मले मोकळं व्हायचं नव्हतं. पोरगी माझ्याजवळ राहायची तर मले माग पाहिजे होता, बस.

तेव्हा तुमी अमरावतीहून आले, मागावर डॉबी, म्हणजे नक्षीचं यंत्र, बसवाले. लाकडी पट्ट्यांची साखळी, पट्टीले भोकं, भोकात खुंट्या. जिथं खुंटी तिथले धागे वर उचलले जाणार, जिथं खुंटी नाही तिथले खाली राहणार. कांडीतलं सूत घेऊन धोटा एकदा आडवा गेला की पुढची पट्टी. साखळी फिरून आली की एक नक्षी पुरी, पुन्हा पहिल्यापासून. विणकर म्हणत, यंत्राले अक्कल आहे. तुमी म्हणत, "कायची अक्कल? खुंटी सांगन ते करते. तुमी गध्यावानी लावसान तर थे गध्यावानी विनन." जठारपेठेतल्या एका व्यापाऱ्याले काठावर पानं पाहिजे होती, देठ खाली, टोक पदराकडं. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणाला, जो ही साखळी लावील त्याचा हा माग. मी कांड्यांच्या ढिगाआडून म्हटलं, "जो का जी?" शेड हसलं. सेक्रेटरी म्हणाला, "लाव ना बाई, तुले कोनं अडवलं!" तो थट्टेनं बोलला होता. मी खरं धरलं.

मी सरळ तुमच्याकडं आली. "मास्तर, पानाच्या खुंट्या कशा लावाच्या?" तुमी तंबाखू मळत होते, वर पाहिलं नाही. "कोनाच्या तरी लुगड्यावर पान असनच. उसवून पाय." इतकंच. तुमाले तो काठ तोंडपाठ होता, अमरावतीत तो कितीकदा लावला हे तुमीच शेडमध्ये सांगत होते. चार शब्दांचं काम.

आमच्या वस्तीत काठाचं लुगडं कोणाकडं असणार. शेवटी मी बोहारणीले गाठलं. तिच्या गठ्ठ्यात एक फाटकं निघालं, काठ मात्र शाबूत. मी माझा पितळी गडू पुढं केला तर ती डोळे फाडून म्हणाली, "अवं, लोकं लुगडं देऊन भांडं घेतात, तू भांडं देऊन चिंधी घेतं? येडी का काय तू?" धागे इतके बारीक की डोळ्याले पुरेनात. भिंग असते घड्याळवाल्याकडं. तो म्हणाला, भिंग दुकानाबाहेर जाणार नाही. मी म्हटलं, मग मी आत येते. सुट्टीच्या दिवशी त्याच्या पायरीवर बसायची, पोरगी बाजूले खडे खेळे. सुईनं एक धागा ओढायचा, तो कशाच्या वरून गेला, कशाच्या खालून, ते पाहायचं आणि पिशवीतून सोसायटीची एक कोरी पट्टी काढून तशा खुंट्या ठोकायच्या. एक धागा, एक पट्टी, की साखळीत ओवली. गिऱ्हाईकं विचारत, हे कोणतं घड्याळ दुरुस्त होऊन राहिलं बाप्पा? घड्याळवाला म्हणे, "लुगड्याचं. मांगं पडलं हाय."

साखळी चढवली. शेडमधले सगळे आपापले माग थांबवून पाहाले आले. काठ सरकत सरकत पुढं आला आणि पानं उलटी. देठ पदराकडं, टोक खाली, एकूण एक. खुंटी एकही चुकली नव्हती. म्हणून तर ते इतकं सफाईनं चुकलं होतं. माणसं पोट धरून हसली. "बाईच्या झाडाले पानं खालून लागतात!" सेक्रेटरी म्हणाला, झालं आता, कांड्यांकडं जा. मी म्हटलं, उद्याचा दिवस द्या. तुमी दारात उभे होते. नजर साखळीवर, आणि तंबाखू मळणं चालू.

मी तिथंच बसून माझं विणलेलं उसवू लागली, सूत वाया जाऊ नये म्हणून. पहिला धागा हातात आला तो मी सगळ्यात शेवटी विणलेला. तो धागा तसाच हातात राहिला. उसवताना शेवटचा धागा आधी निघतो, आणि मी जो आधी निघाला त्याची पट्टी आधी लावली होती. इतकंच. साखळी उचलून तोंड तिकडं करून भागत नव्हतं, तसं केलं तर भोकं उजवीची डावीकडं जातात. एकेक पट्टी सोडवून शेवटाकडून ओवली. दुसऱ्या दिवशी पानं सरळ उभी राहिली आणि व्यापाऱ्यानं काठावरून बोट फिरवून मान हलवली. माग माझा झाला. त्या बाजाराले सासरे आले तेव्हा मी त्यांना ओट्यावर बसवून पाणी दिलं, पोरगी दिली नाही.

तुमी निघाले त्या दिवशी मी विचारलं, "पट्ट्या उलट्या लागून राहिल्या हे तुमाले दिसलं होतं ना?"

"दिसलं."

"मंग सांगतलं काहून नाई? माह्या पोरीचा जीव टांगला होता."

"आज सांगतलं असतं. उद्या मी अमरावतीले. मंग कोनाले इचारशीन?"

मी म्हटलं, "तुमाले. पायाले काय रोग झाला माह्या?" तुमाले ते पटलं नाही.

आणि मी आलीच. पुढच्या उन्हाळ्यात काठात धागे सुटाले लागले, आज इथं, उद्या तिथं. साखळी पट्टी-पट्टी तपासली, काही नाही. विणलेला तुकडा पिशवीत घालून बडनेऱ्याले गाडी बदलून अमरावतीले तुमच्या घरी. तुमी खाटेवर, खोकून राहिले होते. मास्तरीणबाईंनी मले चुलीजवळ बसवलं, भाकर आणि ठेचा वाढला. म्हणाल्या, "खाय पोटभर. हे काई सांगनार नाईत तुले, मलेबी सांगत नाईत का कोठं दुखते." तुमी तुकडा डोळ्याजवळ नेला, विचारलं, "दर फेऱ्याले सुटते का मन मानन तवा?" मी म्हटलं, मन मानन तवा. तुमी तुकडा परत दिला. "मंग साखळीत काय पायतं? जाय. गाडी चुकन." मी पाणी न पिता निघाली. गाडीत सगळ्या वाटेनं तुमाले शिव्या दिल्या, त्यातली एकही इथं लिहिण्यासारखी नाही. बडनेऱ्याच्या फलाटावर मात्र समजलं की साखळीतली चूक दर फेऱ्याले यायलाच पाहिजे, ती चुकत नाही. जे मनात येईल तेव्हा सुटते ते यंत्राच्या अंगात असते. एक स्प्रिंग ढिली झाली होती. तशी अकोल्यात कुठं मिळेना. कापसाच्या जिनातल्या फिटरनं भंगारात हात घालून एक काढून दिली, मी कापून बसवली. बसली. तुमाले सांगाले यायचं होतं. पाऊस संपला की जाऊ म्हटलं. त्याआधीच शेजारच्या मागावरच्यानं धोटा न थांबवता सांगितलं, अमरावतीचे मास्तर गेले. मीही धोटा थांबवला नाही. त्या शेडमध्ये कामापुरतं सोडून माझ्याशी कोणी बोलत नव्हतं, डब्याच्या वेळी माझ्या चटईजवळ दुसरी चटई पडत नव्हती. तिथं थांबून कोणाले काय सांगणार होती मी.

मग पुरी उमर त्या मागावर गेली. काही अडलं तर मी शोधलं, भेटलं. कोणाले विचारावं लागलं नाही, आणि मले काही लागत नाही हे लोकांनाही समजलं, तेही आले नाहीत. पोरीचं लग्न झालं, मग घरात पोरीचा आवाज नाही, मागाचाही नाही. पुढं शेडमध्ये नव्या बाया मागावर बसाले लागल्या. त्या विचारत, "काकू, हे काहून असं होऊन राहिलं?" मी सांगायची. सगळं, पुरं, कोणती खुंटी, कोणतं भोक, हात धरून. उसवाले एकीलेही लावलं नाही. सेक्रेटरी म्हणे, बाई, मास्तरपेक्षा तुमी बऱ्या, तुमचं मन मोठं.

हे पाकिटात घालणार नाही, म्हणून लिहिते. मन वगैरे काही नाही, मास्तर. तुमी सांगत नव्हते ते मी पुन्हा येऊ नये म्हणून. मी सांगत होती ते त्यांनी उद्या पुन्हा यावं म्हणून.