राहिलेल्या सात वनस्पती

बर्मिंगहॅम, ९ मे १७९६

प्रिय मिस्टर लीथ यांस,
सप्रेम नमस्कार. हे पत्र फिलाडेल्फियाला पोचेल तेव्हा तुमच्याकडे उन्हाळा असेल. तिथल्या दमट हवेत तुमचा खोकला वाढत नाही ना? आम्ही बरे आहोत. 'आम्ही' हे सवयीने लिहिलं. सायलसदादा जानेवारीत गेला. छातीचं दुखणं होतं, फार हाल झाले नाहीत. बटणांचा कारखाना आता चुलतभाऊ बघतो.

आपलं सोमवारचं प्रयोगांचं मंडळ मोडेल असं वाटलं होतं. पण गेल्या सोमवारी डॉक्टर फेअरक्लो आणि मिस्टर टर्नबुल नेहमीसारखे दुपारी जेवायला हजर! मी मटण वाढत असताना डॉक्टर म्हणाले, "सायलस नाही, लीथ नाही. आता आम्ही दोन म्हातारे एकमेकांच्या दाढा तपासणार. लीथच्या त्या बारा वनस्पतींच्या, हवा शुद्ध करण्याच्या प्रयोगांचं पुढे कुणी काही केलं का हो?"

"दंग्यात वही जळली त्याची," टर्नबुल म्हणाले.

मी भांडं खाली ठेवलं. "पाचांचे आकडे माझ्याकडे आहेत. मिस्टर लीथ सांगायचे, मी उतरवून घ्यायचे. राहिलेल्या सात मी केल्या."

"कुठे?"

"धुण्याच्या खोलीत. तिथे ऊन चांगलं येतं."

डॉक्टर हसले. "बाईसाहेब, आकडे उतरवून घेणं आणि सात प्रयोग करणं यात फरक असतो."

"मग चला ना, बघा."

पुदिना चार दिवस काचेखाली होता. त्याआधी त्याच काचेत मेणबत्ती जळून विझली होती. मी पेटती काडी आत सरकवली. ती विझली नाही, लख्ख जळत राहिली; पुदिन्याने हवा पुन्हा ताजी केली होती. टर्नबुल तर गुडघ्यावर बसले. डॉक्टरांनी केसांचा टोप काढला, मग बराच वेळ माझे तक्ते वाचत उभे राहिले. "हे छापायचं," ते म्हणाले. "लीथ आणि तुम्ही, दोघांच्या नावाने. लिहा त्याला."

म्हणून लिहितेय. पण तुमचं नाव माझ्या नावाशेजारी येण्याआधी एक गोष्ट तुम्हाला कळायला हवी.

तुम्ही तिकडून पहिल्याच पत्रात लिहिलं होतंत, 'दंग्याच्या दिवशी तुम्ही दोघं गावाला होतात ही देवाची कृपा.' दादाने सगळ्यांना तसंच सांगितलं होतं. आम्ही घरीच होतो.

तुम्ही तीनदा दार वाजवलंत. दोनदा दादाला हाक मारलीत. मग मला. भर दुपार होती, गल्लीच्या टोकाला ते लोक तुम्हाला राजद्रोही म्हणत ओरडत होते, आणि तुमच्या जळत्या घराचा धूर आमच्या जिन्यात आला होता. दादाचा हात कडीवर होता. त्याला दुष्ट समजू नका. कारखान्यात दोनशे माणसं होती, आणि तुम्हाला आत घेतलं असतं तर त्यांनी तोही जाळला असता. तो एवढंच म्हणाला, "हेस्टर, आवाज करू नकोस."

त्याने मला अडवलं, असं मी पाच वर्षं स्वतःला सांगत आले. त्याने अडवलं नाही. माझा हात धरला नाही, तोंड दाबलं नाही. नुसतं सांगितलं, आणि मी गप्प राहिले. तुमची पावलं मळ्याच्या दिशेने पळत गेली ती मी ऐकली. कुणीतरी दगड मारून तुमचा खांदा मोडला, हे दुसऱ्या दिवशी समजलं.

हे वाचून तुम्ही नाव द्यायला नकार दिलात तर तक्ते छापले जाणार नाहीत. डॉक्टरांना मी तसं सांगितलंय, कारण सांगितलेलं नाही. ते तुमच्या उत्तरानंतर मीच सांगेन.

क्षमा मागत नाही. मागायची हिंमतही नाही. पण अँब्रोज, सातव्या वनस्पतीचा आकडा आला तेव्हा मी तो मोठ्याने वाचला, आणि तुम्ही नेहमीसारखे 'पुन्हा एकदा बघा' म्हणाल म्हणून थांबले. किती वेळ थांबले, ते मला सांगता येणार नाही.

पत्राच्या शेवटी 'आपली आज्ञाधारक' लिहायची रीत आहे. एकदाच नको त्या वेळी आज्ञा पाळली. तो शब्द आता माझ्याने लिहवत नाही.

हेस्टर