चौकटीबाहेर पाय टाकणारं वासरू

अण्णा, उद्या पुण्यात मला पुन्हा त्या अमेरिकन चित्रकथाकाराच्या कारकिर्दीवर बोलायचंय. तरुणपणी स्वस्त मासिकांची पानं भरणारा, उतारवयात आपल्या गल्लीतल्या गरीब भाडेकरूंवर जाडजूड चित्रकादंबऱ्या काढणारा, आम्हा चित्रकथा काढणाऱ्या सगळ्यांचा गुरू. त्याची माणसं चौकटीची रेघ ओलांडून पुढच्या चौकटीत पाय टाकतात. माझीही टाकतात, आणि हे कुठून शिकलात असं कुणी विचारलं की मी त्याचं नाव सांगते.

शिकले मात्र उमापुरात, दूध सोसायटीच्या भिंतीपाशी. त्या दुष्काळात सोसायटीनं जनावरांची छावणी काढली होती. वाचता न येणाऱ्यांनाही कळावं म्हणून तुम्ही भिंतीवर चार चौकटी रंगवल्या: हाडं वर आलेली गाय, छावणीतला चारा, अंग धरलेली गाय आणि दुधानं भरलेला कॅन. चेअरमन निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले. त्यांनी भिंत उजवीकडून वाचली आणि भडकले. "पेंटर, आमच्या छावनीत गाय वाळती म्हन्ता का?" मला हसू आवरेना. तुम्ही मात्र गुपचूप शिडी लावता, पहिल्या गायीपुढं एक वासरू काढता, आणि त्याचे पुढचे पाय रेघेपलीकडं, दुसऱ्या चौकटीत टाकता. मग दुसरीतून तिसरीत, तिसरीतून चौथीत. चेअरमन वासरामागं बोट फिरवत गेले आणि दुधापाशी पोचल्यावर त्यांनी मान डोलावली.

माझ्या पहिल्या बक्षिसाला तुम्ही परीटघडीचं धोतर नेसून आला होता, पहिल्याच रांगेत बसला होता. तेव्हाही तोच प्रश्न आला, आणि तुमच्याकडं न बघता मी अमेरिकेतलं नाव घेतलं. दूध सोसायटीची भिंत सांगायची मला लाज वाटली, अण्णा. परतताना एस.टी.त तुम्ही एवढंच विचारलं, "त्या सायबाचं बी कुनी उलटं वाचलं आसंल का गं?" त्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

तुम्ही गेल्यावर त्या भिंतीला चुना लागला. वासरू मी आठवणीनं कागदावर काढलंय, पण मागचे पाय काही तुमच्यासारखे जमत नाहीत. हे पत्र घडी करून त्याच कागदाखाली ठेवते, पाठवणार तरी कुठं. उद्याच्या भाषणाची चित्रं लावून झालीत. पहिलं त्या अमेरिकनाचंच आहे. वासराचं शेवटी ठेवलंय, वेळ उरला तर.