मागचा डावा हँगर

चिमणे,

ट्रक बाहेर काढू नकोस. किल्ली मी नेतोय, पण दुसरी तुझ्या पर्समध्ये असते हे ठाऊक आहे, म्हणून चिठ्ठी तुझ्या बुटातच खोचली. वीटभट्टीवाल्याला फोन करून सांग, आज जमणार नाही. ओरडला तर ओरडू दे.

मागचा डावा हँगर गेलाय, स्प्रिंगचे पाटे ज्याला टांगलेले असतात तोच. हातोडी मारली तर खणखणीत वाजायचं सोडून बद्द वाजला आणि गंजाचे पापुद्रे माझ्या तोंडावर पडले. उजव्याचाही भरवसा नाही. दोन्ही नवे आणतो, येताना वेल्डरलाही घेऊन येतो. तोवर तू एकटी खाली शिरू नकोस.

आता रागावशील ते सांगतो. गेल्या महिन्यात तू विचारलंस, "बाबा, खालून बघितलंत ना?" मी हो म्हणालो. बघितलं नव्हतं. गुडघे वाकत नाहीत हे तुला सांगायची लाज वाटली. त्यानंतर भरल्या गाडीने तू अकरा वेळा भट्टीचा तो उतार उतरलीस. दर वेळी गाडीचा आवाज कानावर येईपर्यंत मी दारातच उभा.

आज सकाळी शिरलो एकदाचा. मग बाहेर येता येईना. शेजारच्या शिंप्याने पाय धरून ओढलं, आता गल्लीभर सांगत सुटेल. हसू नकोस.

यापुढे माझ्या 'हो'वर जाऊ नकोस, शर्टाची पाठ बघत जा. आजचा दारामागे टांगलाय, न धुता.

बाबा